जाहिरातीला कात्री लावणारी सिस्टर कोरिटा

 

आज आम्ही एका चित्रकर्तीची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, व्याजाचा हिशोब, शेळ्या, लोणच्याचं पॅकिंग हे आपले विषय, त्यात चित्रकला कुठून आली? पण ही बाई चित्रं करायची ती पावाच्या पिशवीवरून, टोमॅटोच्या जाहिरातीवरून, पेट्रोल पंपावरच्या पाटीवरून. आपल्याही डोळ्यांसमोर असंच काहीबाही रोज नाचत असतं. किराणा दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळा, एसटी स्टँडवरचे फलक, मोबाइलवर मधेच येणारी जाहिरात. आपण ते बघतो आणि पुढं जातो. ही बाई थांबली, तिनं ते नीट वाचलं, आणि मग त्याला कात्री लावली. तिचं नाव सिस्टर मेरी कोरिटा. अमेरिकेतली, चर्चचं व्रत घेतलेली नन.

तिचा जन्म २० नोव्हेंबर १९१८ चा, आयोवा राज्यातल्या फोर्ट डॉज गावचा. घरचं नाव फ्रान्सिस केंट. सहा भावंडांतली ती पाचवी. पुढं कुटुंब लॉस एंजेलिस शहरात राहायला आलं. वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे १९३६ साली, ती ‘इमॅक्युलेट हार्ट’ नावाच्या नन्सच्या संघात दाखल झाली. या संघाच्या बाया शाळा चालवायच्या, कॉलेज चालवायच्या. कोरिटा त्यांच्याच कॉलेजात चित्रकला शिकवायला लागली आणि वीसेक वर्षं शिकवत राहिली. १९६४ साली ती त्या विभागाची प्रमुख झाली. संघाचे नियम पाळायचे, पोरींचे वर्ग घ्यायचे, आणि वर्ग नसतील त्या सुट्टीच्या आठवड्यांत आपली चित्रं छापायची, असा तिचा वर्षाचा क्रम.

छापायची म्हणतो आम्ही, कारण तिचं काम स्क्रीन प्रिंटिंगचं होतं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट छापतात ना, तेच. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. जिथं रंग नको तिथली जाळी बुजवायची. खाली कागद ठेवायचा, वर रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. उघड्या जाळीतून रंग कागदावर उतरतो. दुसरा रंग हवा तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. या पद्धतीनं एकाच चित्राच्या शंभर प्रती निघू शकतात. कोरिटाला हीच गोष्ट आवडली. एकच चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडण्यापेक्षा पुष्कळ प्रती निघाव्यात आणि साध्या माणसाला परवडतील अशा दरात जाव्यात, असं तिचं म्हणणं होतं. तिनं आयुष्यात अशी जवळजवळ ८०० वेगवेगळी चित्रं छापली.

सुरुवातीला ती देवाधर्माची चित्रं करायची, जुन्या पद्धतीची, गर्दीनं भरलेली. मग १९६२ साल आलं. त्या वर्षी जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत अँडी वॉरहॉल या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं. भिंतीवर ३२ चित्रं, आणि सगळी एका कंपनीच्या सूपच्या डब्यांची! एक टोमॅटो सूपचा डबा, एक मशरूमचा, असे एकाशेजारी एक, दुकानाच्या फळीवर मांडल्यासारखे. वॉरहॉल आधी न्यूयॉर्कमध्ये बुटांच्या जाहिरातींची चित्रं काढून पोट भरायचा, त्यामुळं जाहिरातीचं तंत्र त्याच्या हातात मुरलेलं होतं. लोकांनी त्याची चेष्टा केली. शेजारच्या एका गॅलरीवाल्यानं तर खरेच डबे रचून ठेवले आणि आमच्याकडं स्वस्त मिळतील म्हणून सांगितलं. अशा चित्रांना पुढं पॉप आर्ट असं नाव रूढ झालं. बाजारात, जाहिरातीत, वर्तमानपत्रात जे रोज दिसतं तेच चित्रात घ्यायचं, ही ती रीत.

कोरिटानं ते प्रदर्शन पाहिलं आणि तिची चित्रं बदलली. पण तिनं वॉरहॉलची नक्कल केली नाही. वॉरहॉलनं डबा जसा होता तसा समोर ठेवला, आणि त्यातून काय घ्यायचं ते बघणाऱ्यावर सोडलं. कोरिटानं डब्यावरचे शब्द हातात घेतले. कंपनीनं हा शब्द माल खपवायला वापरलाय, मग आपल्याला त्यातून काय म्हणता येईल, असं ती विचारायची.

एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत तेव्हा ‘वंडर ब्रेड’ नावाचा पाव घरोघरी जायचा. वंडर म्हणजे नवल, चमत्कार. पिशवी पांढरी, तिच्यावर लाल, पिवळे, निळे गोल ठिपके. हा पाव बारा प्रकारे शरीर मजबूत करतो, अशी जाहिरात चालायची. कोरिटानं १९६२ मध्ये त्याच नावाचं चित्र केलं. त्यात फक्त रंगीत गोल, बारा. बघणाऱ्याला पावाची पिशवी आठवणार हे नक्की. पण चर्चमध्ये प्रसाद म्हणून पावाची गोल पातळ चकती देतात, तीही आठवणार. म्हणजे दुकानातला पाव आणि देवाच्या पंगतीतला पाव एकाच कागदावर आले. खरं नवल कशात आहे, पिशवीत की वाटून खाण्यात, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तीन वर्षांनी तिनं पावाच्याच पिशवीवरचा ‘पौष्टिक’ अशा अर्थाचा शब्द मोठा करून छापला आणि त्याच चित्रात आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाचं आशेविषयीचं लिखाण बारीक हस्ताक्षरात घातलं. पोटाला पौष्टिक पाहिजेच, मनालाही पाहिजे.

एका पेट्रोल कंपनीची घोषणा होती, ताकद वाढवा. तिनं त्या मोठ्या अक्षरांच्या पोटात एका धर्मगुरूचं प्रवचन लिहिलं. एका शीतपेयाची जाहिरात म्हणायची, जिवंत व्हा. तिनं तेवढेच शब्द उचलले आणि बाटली सोडून दिली. शब्द उचलायची तिची तऱ्हाही बघण्यासारखी होती. मासिकातलं जाहिरातीचं पान घ्यायचं, ते चुरगाळायचं नाहीतर वाकवायचं, आणि मग त्याचा फोटो काढायचा. अक्षरं वेडीवाकडी व्हायची, काही उलटी व्हायची, काही कापली जायची. तेच चित्रात यायचं. त्यामुळं तिचं चित्र एका नजरेत वाचता येत नाही, मान वाकडी करावी लागते. जाहिरातीला आपण पटकन वाचायला हवे असतो, विचार न करता. कोरिटानं तीच अक्षरं अशी केली की माणूस थांबलाच पाहिजे.

तिच्या शिकवण्याचीही एक गंमत आहे, ती आपल्या कामाची आहे. ती पोरींच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा द्यायची, मधे चौकोनी भोक पाडलेला. आणि त्यांना कुठं न्यायची? मोठ्या किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, रस्त्यावर. त्या भोकातून एका वेळी एवढंसंच बघायचं. पूर्ण फलक बघायचा नाही, त्यातलं एक अक्षर बघा. पूर्ण डबा नाही, त्याचा एक कोपरा बघा. असं शेकडो वेळा बघून लिहून आणायला सांगायची. पोरी कंटाळायच्या, पण त्यांची नजर तयार व्हायची. सगळं मिळून जे आपल्या अंगावर येतं, ते तुकड्यातुकड्यानं बघितलं की त्याचा धाक राहत नाही. मग कळतं की हा लाल रंग इथं मुद्दाम लावलाय, हे अक्षर एवढं मोठं मुद्दाम केलंय, आणि ते तिकडचं एवढं बारीक, तेही मुद्दामच.

१९६४ मध्ये त्या कॉलेजातला मेरी मातेचा वार्षिक उत्सव या बायांनी पार बदलून टाकला. आधी ती गंभीर, शिस्तीची मिरवणूक असायची. त्या वर्षी पोरी आणि नन्स फुलांचे हार घालून, रंगीत फलक घेऊन, खाण्याच्या पदार्थांच्या जाहिरातींची मोठाली चित्रं उंच धरून निघाल्या. जगात भुकेली माणसं आहेत, त्यांच्यापर्यंत अन्न पोचलं पाहिजे, असं त्यांना त्या फलकांतून म्हणायचं होतं. माल खपवायची चित्रं, आणि त्यांच्या तोंडी भुकेची गोष्ट. आपल्याकडं दिंडीत, प्रभातफेरीत फलक घेऊन चालतो तसाच तो प्रकार, पण तिथल्या वडीलधाऱ्यांना तो झेपला नाही.

त्याच वर्षी तिचं टोमॅटोचं चित्र आलं. डेल माँटे ही डबाबंद भाज्या-फळांची कंपनी. आमचा टोमॅटो सगळ्यांत रसाळ, अशा जाहिरातीचा धागा धरून कोरिटानं चित्र केलं आणि मेरी मातेलाच सगळ्यांत रसाळ टोमॅटो म्हटलं. चित्रातला मजकूर एका मित्राच्या पत्रातला होता. कंपनीनं आपल्या टोमॅटोचं एवढं कौतुक करावं, तर तेच कौतुक मेरी आईचं केलं म्हणून विटंबना कशी होते, असा त्याचा आशय. आता अडचण अशी की त्या काळच्या अमेरिकन बोलीत टोमॅटो म्हणजे देखणी बाई असाही जरा टवाळ अर्थ होता. लॉस एंजेलिसचे धर्मप्रमुख कार्डिनल मॅकइंटायर यांना कोरिटाची चित्रं आधीच पसंत नव्हती. या चित्रानं ते फारच नाराज झाले.

सख्यांनो, इथं आपण जरा थांबू या. एका बाईनं, तीही व्रतस्थ, बाजारातला शब्द उचलून देवाच्या आईला लावला. कुणाला हे आवडेल, कुणाला नाही. आमच्या गटातही यावर दोन मतं झाली. पण एक गोष्ट सगळ्यांना पटली. जाहिरातवाले बाईचं रूप रोज बिनधास्त वापरतात. साबणाला बाई, साडीला बाई, गाडीलासुद्धा बाई. त्याला कुणी हरकत घेत नाही. आणि बाईनं जाहिरात वापरली की लगेच कपाळाला आठी पडते.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात काळ्या लोकांच्या संतापाचा उद्रेक झाला. पोलिसांच्या वागणुकीचं निमित्त झालं. काही दिवस जाळपोळ चालली, ३४ माणसं मेली. कोरिटानं वर्तमानपत्राचं त्या बातमीचं पहिलं पान जसंच्या तसं चित्रात घेतलं आणि त्याच्याखाली लाल रंगावर एका धर्मगुरूचे शब्द लिहिले. चित्राचं नाव ‘माझी माणसं’. बातमीत ती दंगलखोर होती, तिच्या चित्रात तिची माणसं झाली. पुढं व्हिएतनामच्या लढाईविरुद्धही तिनं चित्रं छापली.

नाव खूप झालं. २५ डिसेंबर १९६७ च्या ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. पण आतून ती थकली होती. वर्ग, भाषणं, प्रदर्शनं आणि वर धर्मप्रमुखांची नाराजी. १९६८ मध्ये तिनं रजा घेतली आणि त्यानंतर संघ सोडला. तेव्हा ती पन्नाशीला आली होती. बत्तीस वर्षं ज्या बायांच्या सोबत काढली त्यांना सोडून, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉस्टन शहरात ती एकटी राहायला गेली.

मागं राहिलेल्या बायांचं काय झालं तेही ऐका, कारण आपण गटाच्या बाया आहोत. १९६७ मध्ये त्या संघानं एकत्र बसून ठराव केले. कपडे कोणते घालायचे, प्रार्थना कधी करायची, काम कोणतं करायचं, हे आमचं आम्ही ठरवू. खच्चून भरलेल्या वर्गांत, पुरेसं प्रशिक्षण न देता आम्हाला शिकवायला उभं करू नका. कार्डिनलना हे मान्य झालं नाही. जुने नियम पाळणार नसाल तर आमच्या शाळांत शिकवता येणार नाही, असं उत्तर आलं. बोलणी झाली, वर रोमपर्यंत प्रकरण गेलं. शेवटी १९७० मध्ये सुमारे ३०० बायांनी अनिता कॅस्परी यांच्या पुढाकारानं आपली व्रतं परत केली आणि ‘इमॅक्युलेट हार्ट कम्युनिटी’ नावाचा स्वतःचा वेगळा समुदाय उभा केला. तो आजही आहे. हातातल्या शाळा गेल्या, पुढचा आधार अनिश्चित झाला, पण ठराव त्यांनी मागं घेतला नाही.

बॉस्टनला गेल्यावर कोरिटानं पोटापाण्यासाठी कंपन्यांचंही काम केलं. आयुष्यभर जाहिरातीतून शब्द घेणारी बाई आता जाहिरातींना चित्रं देऊ लागली. तिला जाहिरातीचा तिटकारा नव्हताच. चांगला शब्द कुठंही सापडू शकतो, असंच ती मानायची. १९७१ मध्ये बॉस्टनच्या गॅस कंपनीची सुमारे १४० फूट उंचीची टाकी तिच्या चित्रानं रंगली. पांढऱ्या टाकीवर इंद्रधनुष्याच्या रंगांचे भलेमोठे फटकारे. तिनं छोट्या नमुन्यावर ब्रश फिरवला आणि रंगाऱ्यांनी तो टाकीवर चढवला. ती टाकी पुढं पाडली, पण तेच चित्र शेजारच्या टाकीवर पुन्हा काढलं गेलं.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. रंगांचे सहा फटकारे आणि खाली एक शब्द, प्रेम. किंमत २२ सेंट. ते तब्बल ७० कोटींच्या घरात खपलं. समारंभ मात्र एका लोकप्रिय टीव्ही मालिकेच्या सेटवर ठेवला. कोरिटाची इच्छा होती की तो संयुक्त राष्ट्रसंघात व्हावा, कारण तिच्या लेखी ते प्रेम देशादेशांतलं होतं. ती समारंभाला गेलीच नाही. नंतर तिनं आणखी एक चित्र छापलं, त्याचा अर्थ असा की प्रेम हे कष्टाचं काम आहे. कर्करोगानं ती बरीच वर्षं आजारी होती. १८ सप्टेंबर १९८६ ला ती गेली.

आता आपल्याकडं येऊ. कोरिटाचं पुठ्ठ्याचं भोक आपल्यालाही पाडता येतं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक रिकामं पाकीट आणा. बिस्किटाचं, मसाल्याचं, पोरांच्या दुधात घालायच्या पावडरीचं, काहीही. पुठ्ठ्याला आगपेटीएवढं भोक पाडा. आधी पुढची बाजू बघा. सगळ्यांत मोठा शब्द कोणता? चित्र कशाचं? मग पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरांवर भोक फिरवा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, असा आपल्याकडं नियम आहे. म्हणजे जे पहिलं लिहिलंय ते आत सगळ्यांत जास्त. पुढं बदामाचं चित्र असेल आणि मागं बदाम यादीच्या शेपटाला असेल, तर बदाम किती ते तुम्हीच ओळखा. जिला वाचता येत नाही तिनं भोक धरायचं आणि शेजारणीनं वाचायचं.

हेच कर्जाच्या पत्रकाला करा. बैठकीत बाया अशी पत्रकं आणतात. वर मोठ्या अक्षरांत झटपट कर्ज, हसणारी बाई, आणि ‘व्याज फक्त १२ टक्के’. भोक बारीक अक्षरांवर न्या. तिथं ‘फ्लॅट’ हा शब्द आहे का बघा. समजा १०,००० रुपये घेतले, १२ टक्के फ्लॅट, बारा महिन्यांचे हप्ते. व्याज १,२०० रुपये, परत करायचे ११,२००. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वरच धरलेलं असतं. उरलेल्या मुद्दलावर हिशोब केला तर तेच व्याज २१ टक्क्यांच्या वर जातं. शिवाय फी, विमा वेगळा. मोठं अक्षर खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. ते अंगठा उठवण्याआधी वाचायचं, नंतर नाही.

आणि आपण स्वतः विकतो तेव्हा? आपल्या पापडाच्या, चटणीच्या, शेवयांच्या पाकिटावर काय लिहायचं? बाजारात चालतात म्हणून ‘नंबर एक’, ‘सर्वोत्तम’ असे उसने शब्द नकोत. कुठल्या गावचा गहू, कुणाचे हात, कधी केलं, कधीपर्यंत खायचं, एवढं स्वच्छ अक्षरात लिहा. जे आपण गिऱ्हाइकासमोर उभं राहून डोळ्याला डोळा देऊन म्हणू शकतो, तेच पाकिटावर असू द्या.

पाकिटं आणायला विसरू नका. कुणाच्या पाकिटावर काय सापडलं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी त्यातलं थोडं इथं वाचून दाखवू. तोवर नमस्कार.